बंद घरातलं टपाल

ताजा मासा नको म्हणणारा माणूस मालवणच्या किनाऱ्यावर मी एकच पाहिला, आमच्या इस्पितळातले आबा. सकाळी दहाच्या सुमाराला ते बाजारात टोपल्यांपुढे उकिडवे बसायचे, एकेका बांगड्याच्या डोळ्यात वाकून बघायचे आणि विचारायचे, "ह्यो कधी मेलो?"

"मेलो खंय? आत्ताच होडयेतसून उतरलो. वायच हात लावून बघा, उडता अजून," देवबागहून टोपली घेऊन येणारी मासेवाली म्हणायची. तिच्या तोंडाला सगळा बाजार टरकून असे.

"मगे नको. पहाटेचो मेलेलो आसात तर दी."

"आयकलास गो? ह्यांका मढा व्हया!" ती शेजारणीला ओरडून सांगायची आणि सगळा बाजार हसायचा. हे मात्र गंभीर चेहऱ्याने दोन शिळे बांगडे पिशवीत घालून इस्पितळाकडे चालू लागायचे.

इस्पितळ बारा खाटांचं, कौलारू, समुद्राकडे पाठ केलेलं. मुंबईला गेलेल्या गावकऱ्यांनी वर्गणी काढून बांधलेलं. स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील, तेव्हा मी तिथे नर्स म्हणून लागले. कुडाळच्याही आतल्या एका गावची मी, भाताच्या चिखलात वाढलेली. समुद्राचा खारा वारा मला कधी मानवला नाही, आणि तरी जन्म तिथेच गेला.

आबा कागदोपत्री कंपाउंडर. खरं काम मात्र ऑपरेशनच्या वेळी रोग्याला भूल देण्याचं, म्हणून गावात त्यांना 'निजवणारे' म्हणत. पहिल्या महायुद्धात बसऱ्याच्या लष्करी दवाखान्यात एका गोऱ्या डॉक्टरच्या हाताखाली ते हे शिकले होते. तारेची एक जाळी, तिच्यावर गॉझची घडी. ती रोग्याच्या नाकातोंडावर धरायची आणि बाटलीतून थेंब थेंब ईथर सोडायचं. एवढंच काय ते यंत्र. बाकी सगळं माणसाच्या हातात.

म्हातारपणी माणूस मऊ होतो म्हणतात. माझं तसं काही झालेलं नाही. तेव्हा आबांबद्दल मी गोडगोड काही सांगेन अशी अपेक्षा कोणी ठेवू नये. त्या माणसाने मला फार दमवलं.

माशांचं काय प्रकरण आहे, ते मी नवी असताना एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, "माजो धंदो निजवचो. जो निजूक नाय, तेका कापूक माका जमणा नाय."

"पण मासो कापतलो कोण? तुमी खंय कापतास? बाजारातच कापून मिळता."

"माज्यासाठी कापतत मां? मगे मीच कापलंय."

मी आपली बेडपॅन उचलायला गेले.

ऑपरेशनच्या दिवशी ते पहाटे उठून नखं कापत. मग खोबरेल तेल घेऊन तळहात एकमेकांवर घासत बसत, चांगले गरम होईपर्यंत. थंड हात रोग्याला लागता कामा नये. "थंड हात लावणा म्हणजे सुरयेच्या आधीच कापणा," असं त्यांचं म्हणणं. आणि कोणालाही हात लावण्यापूर्वी ते सांगत, "हात लावतंय हां." रोग्याला सांगत ते ठीक. पण मी पाठमोरी उभी असले, औषधाची बाटली मागायची असली, तरी खांद्याला बोट लावण्याआधी, "बाय, हात लावतंय हां." आमच्या झाडूवाल्याच्या डोक्यावर एकदा नारळ पडता पडता राहिला, तेव्हा त्याला ओढण्याआधीही म्हणाले असतील अशी आम्ही चेष्टा करायचो.

त्यांची बोटं मात्र विलक्षण होती. ईथर घेणाऱ्याच्या पोटात अन्न नको असतं, नाहीतर ओकारी होऊन घुसमटतो. म्हणून सकाळी काही खायचं नाही असं बजावलेलं असायचं. पण आपली माणसं. उपाशीपोटी सुरीखाली जायचं म्हणजे काय! आबा रोग्याचं मनगट धरत आणि सहज बोलल्यासारखं विचारत, "काय खाल्लंस नाय मां?"

"नाय ओ. पाणी सुद्धा नाय."

आबा नाडीवरचं बोट तसंच ठेवून म्हणायचे, "पेज खाल्लंस. आणि लोणच्याची फोड." रोगी ओशाळून बायकोकडे बघायचा. खोटं बोलताना नाडी उडी मारते, म्हणायचे. माझ्या अख्ख्या नोकरीत त्यांचा हा अंदाज चुकलेला मला आठवत नाही. पुढे पुढे तर डॉक्टरही त्यांच्यासमोर चहा किती झाले हे खरं सांगत.

डॉक्टर घाटावरचे, तरुण, हाताला हुशार. दर बुधवारी ऑपरेशनं करत. त्यांना एका गोष्टीची सवय व्हायला वर्ष लागलं. ती म्हणजे आबांचं गाऱ्हाणं.

आपल्याकडे काहीही करायचं झालं, विहीर खणायची, होडी पाण्यात लोटायची, लग्न ठरवायचं, तर आधी देवाला गाऱ्हाणं घालतात. एकाने मोठ्याने मागणं मागायचं आणि भोवतीच्यांनी दर वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. दुसऱ्या इस्पितळांत भूल देताना रोग्याला आकडे मोजायला लावतात. आबा म्हणायचे, आमच्या माणसांना आकडे म्हटले की सावकार आठवतो, झोप कसली लागते? ते जाळी नाकावर ठेवत आणि सुरू करत, "बा देवा म्हाराजा, बारा गावच्या, बारा येशीच्या म्हाराजा…"

"व्हय म्हाराजा," टेबलावरून आवाज यायचा.

"आज ह्या तुज्या लेकराक हय निजवतंय. तेच्या पोटातली पीडा काढून टाक रे म्हाराजा…"

"व्हय म्हाराजा…"

"घरातली, दारातली, मुंबयेक आसत ती, सगळ्यांका सुखी ठेव…"

"व्हय म्हा…"

"गोठ्यातल्या गुरांक…"

"व्ह…"

आवाज थांबला की माणूस निजला. मग आबा पापणीच्या केसांना हलकं बोट लावून बघत. पापणी हलली नाही की डॉक्टरांकडे बघून मान डोलावत. कितीएक वर्षं हे असं बिनबोभाट चाललं.

मिठबावच्या एका म्हाताऱ्याची गंमत आठवते. त्याचा हर्निया होता. गुरं झाली, माडबाग झाली, मुंबईचे मुलगे झाले, तरी गडी प्रत्येक वाक्याला ठणठणीत 'व्हय म्हाराजा' देतोय. डॉक्टर हातमोजे घालून उभे. "आणखी किती गावं राहिलीत?" त्यांनी विचारलं. आबांच्या काहीतरी ध्यानात आलं. "…आणि हेच्या कलमांक औंदा मोहोर धरू दे रे म्हाराजा!" त्यावर म्हातारा जो काही 'व्हय म्हाराजा' म्हणाला, तो व्हरांड्यात ऐकू गेला, आणि पुढच्या क्षणाला घोरायला लागला. तेवढंच ऐकायचं राहिलं होतं त्याचं.

हे सगळं मजेचं वाटतं, आणि मजेचं होतंही, त्या देवबागच्या मासेवालीचं ऑपरेशन होईपर्यंत.

तिच्या पोटात गाठ झाली होती. बरेच महिने अंगावर काढलं होतं. आली तेव्हा तोंडाचा पट्टा तसाच चालू होता, पण अंगात ताप आणि डोळे खोल गेलेले. टेबलावर चढताना आबांना म्हणाली, "निजवणाऱ्या, आता माकाच बांगडो केलंस रे! बघ हां, मेल्यावरच काप, जितीक कापू नको."

त्या दिवशी आभाळ भरून आलं होतं. ईथर पेट घेतं, त्यामुळे ऑपरेशनच्या खोलीत कंदील न्यायची सोय नाही. पूर्वेच्या खिडकीतून येईल तेवढा उजेड आपला. डॉक्टर सारखे खिडकीकडे बघत होते. आबांनी गाऱ्हाणं सुरू केलं. बारा गावं झाली, पीडा झाली, देवबागची खाडी झाली, तिचे 'व्हय' येत होते, जड होत होते. मग आबा तिच्या नवऱ्याकडे वळले, "हिच्या घोवाक दर्यात सांभाळ, सुखरूप घरी हाड रे म्हाराजा…"

तिकडून काही आलं नाही.

आबा तिच्या कानाशी वाकले. पुन्हा म्हणाले, "हिच्या घोवाक सुखी ठेव…" काही नाही. मी तिचं मनगट धरून उभी होते. "उजेड जातोय," डॉक्टर म्हणाले. आबांनी मान डोलावली. पापणीला बोट लावायचं राहिलं. डॉक्टरांनी सुरी टेकवली आणि तिची नाडी माझ्या बोटांखाली अशी उसळली की मी हात काढून घेतला. ती कण्हली, बांधलेले हात ताणले. "हलतात कधीकधी, आणखी सोडा," डॉक्टर म्हणाले. आबांनी ईथर सोडलं आणि मिनिटाभरात ती शांत झाली. गाठ निघाली. मी कोणाला काही बोलले नाही. नाडी तर सगळ्यांचीच उडते, असं मी स्वतःला सांगितलं.

तिसऱ्या दिवशी तिच्या अंगात बोलण्याएवढी ताकद आली. आबा खाटेशी उभे होते, मी पट्टी बदलत होते.

"गाऱ्हाणा बरा घालतंस रे," ती म्हणाली. "पण पयलो काप माका कळलो."

आबांचा चेहरा मी तसा आधी पाहिला नव्हता. "तू गप झालंस… 'व्हय' म्हणूक नाय."

"खयच्या तोंडान म्हणू?" ती उसळली आणि टाक्यांना हात लावून कळवळली. "तेका सुखी ठेव? त्या मेल्याक? पाठीचे वळ दाखवू तुका? मी निजाक नाय होतंय. मरान गेलंय तरी तेच्या नावान 'व्हय' म्हणूचंय नाय!"

मला हसू आलं, खरं सांगते. मग मी आबांकडे बघितलं आणि माझं हसू जिथल्या तिथे राहिलं. ते बाहेर गेले आणि व्हरांड्यातल्या बाकावर बसले. जेवायलाही उठले नाहीत.

त्याआधी आबा दुपारी त्याच बाकावर घोरत पडायचे. आमच्याकडे दुपारी एक ते चार कावळासुद्धा ओरडत नाही. त्या दिवसापासून त्यांनी दुपारची झोप सोडली. सगळं इस्पितळ डुलक्या घेत असायचं आणि हे बाकावर ताठ बसून समोरच्या सुरूच्या झाडांकडे बघत असायचे. मासेवालीची त्यांनी माफी मागितली, ती तिने शिव्या घालत देऊनही टाकली. तिच्या दृष्टीने विषय संपला. यांच्या दृष्टीने सुरू झाला.

"गप बसलेलो माणूस निजलेलो आसता असा मी धरून चाललंय," ते मला म्हणाले. "इतकी वर्षां. कितके जण नुसते गप होते, कोणाक म्हायत?"

मग प्रत्येक रोग्याला तिसऱ्या दिवशी प्रश्न सुरू झाले. काय आठवता? काय कळला? कोणी म्हणे काही नाही. एकजण म्हणाला, मेलेली मावशी घावणे घालताना दिसली. आबांनी त्याला घावण्यांना वास होता का, चटका लागला का, असं खोदून खोदून विचारलं, शेवटी त्याच्या बायकोने डॉक्टरांकडे तक्रार केली.

मला त्यांनी मनगट धरायला लावलं. पापणी हलत नाही, श्वास संथ, रोगी गाढ. आणि तरी सुरी टेकली की नाडी उडायची. गाढातल्या गाढ झोपेतही थोडी उडायचीच. आबांनी हे डॉक्टरांना सांगितलं.

डॉक्टर भला माणूस. त्यांनी हातातलं काम ठेवून समजावलं, "आबा, टोचलेलं, कापलेलं, नुसता स्पर्श झालेला, त्याची वर्दी मेंदूपर्यंत जातेच. ईथरने ती वाटेत अडत नाही. पण मेंदूत ती घेणारा कोणी जागा नसतो. टपाल पोचतं, पण घर बंद असतं. पत्र वाचणारंच कोणी नाही, तर दुःख कोणाला होणार?"

आबांनी मान हलवली. मला वाटलं, पटलं. कसलं पटतंय. दुसऱ्या दिवशी बाकावर मला बोलावून म्हणाले, "शेजारचा घर बंद आसता, म्हायत आसा मां तुका? सगळी मुंबयेक. चावी माज्याकडे. चवथीच्या आधी झाडूक म्हणान उघडलंय, तर दारात ह्यो पत्रांचो ढीग. वाळवीन खाल्लेली. कोणी वाचूक नाय, खरा. पण आतच पडली होती मां? दाराच्या आत? ती खंय जातली?"

दुपारची वेळ होती. सकाळपासून तीन ऑपरेशनं झाली होती, माझे पाय सुजले होते, पुन्हा संध्याकाळची पाळी होती. मी तडकले. "आबानू, कापला नाय तर माणूस मरता. मगे तेका कळला काय आणि नाय कळला काय, काय फरक पडता?"

ते रागावतील असं वाटलं होतं. "तुका फरक पडणा नाय?" ते हळूच म्हणाले. "मगे तू लय दमलंस गो बाय."

ते बरोबर होतं. मी दमले होते. आणि त्या वयात दमणं म्हणजे काय हे मला दुसऱ्या कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून मला रडू आलं आणि त्याचाही राग आला. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला भूल द्यायला शिकवायला सुरुवात केली. त्यांच्या हाताला कंप सुटला होता. थेंब मोजून पडेनासे झाले होते.

पाचेक वर्षं मी शिकले. हात गरम करणं, नखं कापणं, 'हात लावतंय हां' म्हणणं. गाऱ्हाणं तेवढं तेच घालत, आणि त्यात आता नवऱ्याबिवऱ्याचं नाव आधी विचारल्याशिवाय घेत नसत. पापणीला बोट दोनदा लावत. मग रोग्याचा हात शेवटपर्यंत हातात धरून बसत. "वायट पोचता तर बरापण पोचूक व्हया," म्हणायचे.

एका बुधवारी सकाळी ते आलेच नाहीत. झाडूवाला बघायला गेला तर अंगणात ओकत पडलेले. त्यांनाही हर्निया होता, कित्येक वर्षांचा, आम्हा सगळ्यांपासून लपवलेला. आता आतडं अडकलं होतं. डॉक्टर म्हणाले, तासाभरात टेबलावर घ्यायला हवं.

भूल देणार मी. दुसरं कोण होतं?

टेबलावर त्यांनी माझ्या हातांकडे बघितलं. मी तेल चोळून आले होते. "गाऱ्हाणा घाल," ते म्हणाले.

"माका येत नाय. आणि बायल माणसान खंय घालतत?"

"हय कोण बघता? घाल." वेदनेने त्यांचे ओठ पांढरे पडले होते, तरी माझं मनगट धरून जवळ ओढलं. "आणि आयक. मी निजलंय, काप पडलो की मगे माज्या हातात कायतरी कर. काय ता आता सांगू नको. माका आठवता काय ता मी बघतंय. पण माज्या आठवणीचा काय खरा नाय. हात काय करता ता तू बघ. तू साक्षीदार. हात बोललो तर माका तसा सांग. खोटा बोलू नको."

"बोललो तर?"

"तर ज्यांका ज्यांका निजवलंय, त्या सगळ्यांचो मी गुन्हेगार."

"आणि नाय बोललो तर?"

"तर दुपारचो निजतलंय," ते म्हणाले.

मी जाळी ठेवली. बारा गावच्या, बारा येशीच्या, मी त्यांच्यासारखं म्हणू लागले. ते प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' देत होते, माझ्या चुका झाल्या तिथे कपाळाला आठी घालत होते. हळूहळू आवाज विरला. मी पापणीला बोट लावलं, दोनदा. श्वास बघितला. आणखी ईथर सोडलं, पुन्हा बघितलं. त्यांच्याइतकं गाढ मी कोणाला निजवलं नसेल. मग डॉक्टरांना मान डोलावली.

सुरी टेकली आणि नाडी उडाली. ते ठाऊकच होतं. बाटली ठेवून मी माझी दोन बोटं त्यांच्या तळहातावरून फिरवली, हळू, मनगटापासून बोटांपर्यंत.

त्यांची बोटं मिटली. तान्ह्या पोराची मिटतात तशी, माझ्या बोटांभोवती. आणि घट्ट राहिली. मिटलेल्या डोळ्याच्या कोपऱ्यातून पाणी आलं आणि कानाकडे ओघळलं.

"ईथरने येतं डोळ्यांतून पाणी," डॉक्टर मान वर न करता म्हणाले. येतं. मी स्वतः किती नातेवाइकांना तसं सांगितलं आहे. बोटंही आपोआप मिटत असतील. आजही मला ठाऊक नाही. पण तेव्हा मला वाटलं की बंद घराचं दार आतून कोणीतरी धरून उभं आहे.

तिसऱ्या दिवसापर्यंत मी त्यांच्या खाटेकडे एकटी गेले नाही. ऑपरेशनच्या खोलीतली कपाटं आवरली, न मळलेले गॉझ पुन्हा उकळले. इतकी वर्षं त्यांनी मला खरं बोलायला लावलं होतं. खरं बोलले तर तो माणूस उरलेल्या सगळ्या दुपारी त्या बाकावर जागा बसणार होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी मासेवाली आली. टोपली दाराशी ठेवून पानात बांधलेले दोन बांगडे त्यांच्या उशाशी ठेवले. "मेलेले आसत," ती म्हणाली. "कालचे. खास राखून ठेवलंय तुज्यासाठी. वास घेऊन बघ." तिच्या मागोमाग मी पट्टी घेऊन आत गेले. आता टाळता येणार नव्हतं.

"कायएक आठवणा नाय," आबा मला बघताच म्हणाले. "कोरी पाटी. हात काय बोललो?"

"नाय," मी म्हणाले. "गप होतो."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "हात लावतंय हां," आणि माझं मनगट धरलं. बोटं सुकलेली होती, पण गरम. त्यांनी डोळे मिटून सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा, बारा गावच्या, बारा येशीच्या म्हाराजा…"

"व्हय म्हाराजा," आम्ही दोघी म्हणालो.

"ह्या माज्या बहिणीक माज्या हातान पयलो काप जागेपणी लागलो. तो अपराध पोटात घाल रे म्हाराजा…"

मासेवालीने डोक्यावरचा पदर सावरला. "व्हय म्हाराजा."

"बाकी ज्यांका ज्यांका ह्या हातान निजवलंय, त्यांच्यातल्या कोणाक कायएक कळूक नाय, सगळी सुखान निजली होती, असाच आसू दे रे म्हाराजा…"

माझं 'व्हय' आलं नाही. त्यांची बोटं माझ्या नाडीवर होती. मी मासेवालीकडे बघितलं. सुरीखाली कसं वाटतं हे त्या खोलीत तिच्याइतकं कोणाला कळलं होतं? आणि तोंडदेखलं 'व्हय' म्हणण्यापेक्षा सुरी बरी, असं मानणारी ती बाई.

तिने एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघितलं. "व्हय म्हाराजा!" ती बाजारात ओरडायची तशा आवाजात म्हणाली आणि मला कोपर मारलं.

"व्हय म्हाराजा," मी म्हणाले.

माझी नाडी उडाली. मलाच ती कानात ऐकू आली. आबांनी डोळे उघडले नाहीत. मनगटही सोडलं नाही. नुसतं म्हणाले, "बरा."

मग ते निजले. मासेवाली टोपली उचलून गेली. मी पट्टी मांडीवर घेऊन तशीच बसून राहिले, कारण हात काढला असता तर त्यांना जाग आली असती. चार वाजेपर्यंत ते घोरत होते.